साक्ष कोणाची? : एका भटक्या शिलेदाराच्या निमित्ताने

राजेराजवाड्यांच्या कथांविषयी माझ्या मनात पहिल्यापासून एक अढी आहे. अशी कथा वाचू लागलो की सिंहासनावर कोण बसला यापेक्षा घोड्याचा लगाम कोणी धरला होता, रात्रभर मशाल घेऊन कोण उभे होते, लढाई संपल्यावर प्रेते कोणी ओढली, हेच माझे डोळे शोधत राहतात. आणि बहुतेक वेळा त्यांना काही सापडत नाही. लेखकाला ती माणसे दिसलेलीच नसतात. त्यामुळे 'गेम ऑफ थ्रोन्स' या अमेरिकन मालिकेचा २०११ ते २०१९ या काळात जगभर जो गाजावाजा झाला, त्यापासून मी दूरच राहिलो होतो. पुढे मुलीच्या आग्रहाखातर तिचे काही भाग पाहिले. आठ पर्वे, ७३ भाग, आग ओकणारे ड्रॅगन, बर्फातून चालत येणारी प्रेते आणि एका लोखंडी सिंहासनासाठी एकमेकांचे गळे कापणारी घराणी. सारे भव्य होते. पण त्या भव्यतेत माझ्या ओळखीचे कोणी नव्हते.

त्याच कल्पित जगातली, पण त्या कथेच्या सुमारे ९० वर्षे आधी घडणारी एक लहानशी मालिका १८ जानेवारी २०२६ पासून दाखवली गेली. तिचे नाव 'अ नाइट ऑफ द सेव्हन किंग्डम्स'. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या १९९८ सालच्या 'द हेज नाइट' या दीर्घकथेवर ती आधारलेली आहे. आयरा पार्कर यांनी मार्टिन यांच्यासमवेत ती उभी केली. अवघे सहा भाग आहेत आणि तेही आटोपशीर. ड्रॅगन नाहीत, महायुद्ध नाही, सिंहासनाचा तंटा नाही. एक माळ, त्यावर भरलेला भाल्यांच्या झुंजींचा मेळा, थोडे दिवस आणि दोन माणसे. 'हलकीफुलकी', 'छोटेखानी' अशा शब्दांत या मालिकेचे कौतुक झाले. माझे म्हणणे असे की, ही मालिका लहान आहे म्हणून हलकी ठरत नाही. लहान झाल्यामुळेच तिला एक प्रश्न विचारता आला, जो थोरल्या मालिकेला तिच्या ७३ भागांत धड विचारता आला नव्हता. माणसाच्या मोठेपणाची साक्ष कोणी द्यायची, हा तो प्रश्न. तो तिने विचारला याचे मोल मोठे आहे. उत्तर देताना ती कोठे अडखळली, हेही पाहिले पाहिजे.

प्रथम 'हेज नाइट' या शब्दाविषयी. 'हेज' म्हणजे शेताभोवतीचे झुडपांचे कुंपण. ज्याला घर नाही, जमीन नाही, कायमचा धनी नाही, ज्याची रात्र कुंपणाच्या आडोशाला जाते, तो हेज नाइट. इंग्रजीत हा शब्द हेटाळणीचा आहे. अर्धशिक्षित, गरीब पाद्र्याला 'हेज प्रीस्ट' म्हणत. आयर्लंडमध्ये अठराव्या शतकात कॅथलिकांना शाळा चालवण्याची कायद्याने मनाई होती, तेव्हा जे वर्ग चोरून भरत त्यांना 'हेज स्कूल' असे नाव पडले. या मालिकेचे चित्रीकरण उत्तर आयर्लंडमध्ये झाले आणि नायकाची भूमिका करणारा पीटर क्लॅफी हा स्वतः आयरिश, एकेकाळचा रग्बीपटू आहे, ही गोष्ट मला सूचक वाटते. मराठीत अशा माणसाला मी 'शिलेदार' म्हणेन. मराठी फौजेत सरकारी पागेतला घोडा घेऊन लढणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा, स्वतःचे हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. या कथेतला नायकही घोडा असेल तोवरच शिलेदार आहे. घोडा गेला की तो कोणीच नाही.

त्याचे नाव डंक. राजधानीतल्या फ्ली बॉटम नावाच्या गलिच्छ वस्तीतला हा पोरका मुलगा. 'फ्ली' म्हणजे पिसू. वस्तीला नावही पिसवांचे. मालिकेच्या पाचव्या भागात त्याचे बालपण दिसते. लढाई झालेल्या माळावर मेलेल्यांच्या अंगावरचे विकण्याजोगे काढून घेत दोन पोरे हिंडतात, आणि त्यातली त्याची सोबतीण त्याच्या डोळ्यांदेखत मारली जाते. सर आर्लन नावाचा एक म्हातारा, दारुडा, पण मनाने सरळ शिलेदार या पोराला उचलून आपल्याबरोबर नेतो. डंक त्याचे घोडे धुतो, चिलखत घासतो, त्याच्याबरोबर उपाशी राहतो. एका पावसात म्हातारा रस्त्यातच मरतो. डंक त्याला पुरतो. म्हाताऱ्याची तलवार, ढाल आणि तीन घोडे एवढाच त्याचा वारसा. तो घेऊन डंक अ‍ॅशफर्डच्या मेळ्याकडे निघतो. वाटेतल्या खाणावळीत एक टक्कल केलेला पोरगा भेटतो. तबेल्यातला पोऱ्या समजून डंक त्याला शागीर्द म्हणून ठेवून घेतो. त्याचे नाव एग, म्हणजे अंडे.

मेळ्याच्या ठिकाणी झुंजणाऱ्यांची नावे लिहून घेणारा एक कारभारी बसलेला आहे. तो डंकला विचारतो की तुला शिलेदारी कोणी दिली आणि ती देताना पाहिले कोणी. डंक सांगतो की मरण्यापूर्वी म्हाताऱ्याने दिली आणि साक्षीला काटेरी झाडावरचा एक रॉबिन पक्षी तेवढा होता. कारभारी सरळ सांगतो की ओळखीचा कोणी प्रतिष्ठित माणूस आण, त्याने हमी दिली तर नाव लिहितो. हा कारभारी काही सरदार नव्हे. तो नोकरच आहे. पण वरच्याचे दार राखण्याचे काम त्याच्याकडे आहे आणि त्या दाराएवढी त्याची उंची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या विषमतेला श्रेणीबद्ध म्हटले, तिचे बळ अशा मधल्या माणसांत असते, हे या एका प्रसंगात सहज दिसून जाते.

मग डंक साक्षीदार शोधत हिंडतो. ज्या घराण्यासाठी त्याच्या म्हाताऱ्याने रक्त सांडले, त्या घराण्याचा पुरुष मेळ्यात उतरलेला आहे. डंक त्याच्या तंबूबाहेर ताटकळतो; पण त्या पुरुषाला सर आर्लन आठवतच नाही.

या ठिकाणी मला मालिका थांबवावी लागली. १९७८ साली मी मॅट्रिक होऊन जिल्ह्याच्या गावी शिकायला गेलो. वसतिगृहाच्या अर्जावर एक रकाना होता, 'परिचित प्रतिष्ठित गृहस्थाची शिफारस'. गावात प्रतिष्ठित म्हणता येईल असा एकच वाडा, आणि माझा बाप त्या वाड्याच्या शेतात वीस वर्षे राबलेला. आम्ही दोघे सकाळी जाऊन अंगणाच्या कडेला बसलो. दुपारी मालक बाहेर आले. बापाने कागद पुढे केला. मालकांनी विचारले, "तू कोणाचा रे?" बापाने नाव सांगितले, विहीर खणली ते साल सांगितले, पुरात बैल ओढून काढले ते सांगितले. मालक म्हणाले, "असशील बाबा. किती गडी आले नि गेले, कोणाकोणाला ध्यानात ठेवायचं?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, हेच मला अधिक लागले. आम्ही परत निघालो तेव्हा बाप वाटेत एवढेच म्हणाला, "चल, दुसरं बघू." पुढे प्राथमिक शाळेतल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी सही दिली. देताना त्यांनी मी चौथीत पाठ म्हणून दाखवलेली कविता कोणती होती, हेही सांगितले. त्या सहीवर मी शिकलो. त्या सहीबद्दल मी आजही कृतज्ञ आहे; आणि कृतज्ञ राहावे लागले याचा सल आजही गेलेला नाही.

मालिकेत डंकला अशी सही मिळते ती युवराज बेलरकडून. सगळे सरदार विसरलेल्या म्हाताऱ्याला हा राज्याचा वारस ओळखतो, इतकेच नव्हे तर त्याच्याशी झालेल्या झुंजीत भाले किती मोडले तेही त्याला ठाऊक आहे. ज्याची आठवण ठेवण्याची कोणालाच गरज वाटली नाही, त्याची नेमकी आठवण कोणी सांगितली तर ऐकणाऱ्याला काय होते, हे क्लॅफीने चेहऱ्यावर नीट दाखवले आहे. हा प्रसंग खरा आहे. पण खरा असल्यामुळेच तो वाचकाला अडचणीत टाकतो. विसरणारे तेच आणि आठवणारे तेच. म्हाताऱ्याच्या आयुष्याला अर्थ होता की नव्हता, हे ठरवण्याचा अधिकार दोन्ही वेळा वाड्याकडेच राहिला.

आता मालिकेच्या मर्माकडे येतो. डंकला खरोखर शिलेदारी मिळाली होती का? लेखकाने हे उघड सांगितलेले नाही, पण खुणा पेरलेल्या आहेत. पुढे रेमन फॉसोवे नावाचा तरुण ऐन वेळी डंकला म्हणतो की मला शिलेदार कर. कोणताही शिलेदार दुसऱ्याला शिलेदार करू शकतो, असा त्या जगाचा रिवाज आहे. डंक घुटमळतो. ते काम दुसराच सरदार, लायनल बरॅथियन, उरकतो. घुटमळण्याचे कारण संशयाला जागा ठेवते. डंकने बहुधा ही पदवी स्वतःच घेतलेली आहे. म्हाताऱ्याला ती द्यायची राहून गेली आणि पोराने रॉबिनला साक्षीला उभे केले.

बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३ सालच्या संग्रहाची आठवण येथे होणे अपरिहार्य आहे. त्या शीर्षकातल्या 'चोरली' या क्रियापदात एक सबंध समाजव्यवस्थेवरचा आरोप आहे. जे माणूस म्हणून आपले असायला हवे होते, ते चोरून घ्यावे लागले आणि उघड झाल्यावर मार खावा लागला. डंकचीही चोरी याच जातीची आहे. मात्र दोन्हींत एक मोठा फरक आहे आणि तो झाकून तुलना करणे अप्रामाणिकपणाचे होईल. शिलेदारी ही पदवी आहे. कोणीतरी, कोठेतरी, पावसात भिजत का होईना, ती देऊ शकतो. जात कोणी देऊ शकत नाही आणि ती कोणाला उतरवूनही ठेवता येत नाही. डंकने उद्या घोडे विकले आणि लोहाराकडे कामाला राहिला, तर त्याला कोणी विचारणार नाही. बागुलांच्या नायकाला ती सोय नव्हती. म्हणून या मालिकेला 'दलित कथा' म्हणण्याचा उत्साह मला मान्य नाही. तिच्यातला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे, एवढेच मी म्हणतो.

युरोपचा इतिहास पाहिला तर डंकची चोरी किती गंभीर आहे हे कळते. नाइट होणे हे सुरुवातीला बरेचसे घोडा, हत्यार आणि धनी यांवर अवलंबून होते. पुढे दारे बंद होत गेली. ११८६ साली सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने पाद्र्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या मुलांना नाइटचा कमरपट्टा मिळू नये असा हुकूम काढला. १२३१ साली त्याचा नातू दुसरा फ्रेडरिक याने सिसिलीच्या राज्यासाठी केलेल्या कायद्यात, ज्याच्या घराण्यात नाइट नाही त्याने नाइट होऊ नये, असे ठरवले. याउलट विल्यम मार्शल हा बिनजमिनीचा धाकटा मुलगा भाल्यांच्या झुंजींत हरलेल्यांचे घोडे आणि खंडणी जिंकत वर चढला आणि १२१६ मध्ये बालराजाच्या वतीने इंग्लंडचा कारभार पाहू लागला. पण तोही सरदाराचाच मुलगा होता, गटाराकाठचा नव्हता. मेळ्यात हरणाऱ्याचा घोडा आणि चिलखत जिंकणाऱ्याचे होते, हा नियम मार्टिन यांनी इतिहासातूनच घेतला आहे. श्रीमंताला त्यात हौस आहे. डंक एका पराभवात भिकेला लागणार आहे. चिलखतासाठी एक घोडी त्याने आधीच विकली आहे.

खोट्या पदवीचा सर्वांत थोर शिलेदार अर्थात डॉन किहोटे. १६०५ सालच्या त्या कादंबरीत एक खाणावळवाला थट्टेने त्याला नाइट करतो. सर्व्हांटिसने त्या थट्टेतून सबंध सरदारी वाङ्मय खाली खेचले. मार्टिन उलट्या वाटेने जातात. किहोटे खानदानी असून पोथ्या वाचून वेडा झालेला आहे. डंकला अक्षरओळखही नाही; त्याने शिलेदाराची शपथ फक्त ऐकलेली आहे, आणि ऐकली तशी ती खरी मानली आहे. दुबळ्याचे रक्षण कर, असे त्या शपथेत आहे. ज्यांनी ती मंदिरात, तेल लावून, पुरोहितांसमोर घेतली, त्यांना तिचा अर्थ ठाऊक आहे. म्हणजे ती पाळायची नसते हे ठाऊक आहे. डंकला एवढे शिक्षण मिळालेले नाही.

कसोटी येते ती बाहुल्यांच्या खेळात. टॅन्सेल नावाची एक उंच मुलगी दूरच्या दक्षिण प्रांतातून, डॉर्नहून, खेळ घेऊन आली आहे. तिच्या खेळात शूर माणूस ड्रॅगनला मारतो. ड्रॅगन हे राजघराण्याचे चिन्ह, म्हणून एरियन हा उन्मत्त राजपुत्र तो खेळ राजद्रोह ठरवतो आणि तिचे बोट मोडतो. बाहुल्या नाचवणारीचे बोट मोडणे म्हणजे तिची भाकरी मोडणे. डंक धावतो आणि राजपुत्राला बदडतो. शिलेदाराची शपथ साऱ्या मेळ्यात पाळली गेली ती येथे, आणि पाळली ती ज्याच्या शिलेदारीला पुरावा नाही अशा माणसाने.

राजरक्तावर हात उचलला, तर तो हात तोडायचा. हे क्रौर्य कल्पित वाटायला नको. १५४१ मध्ये इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या राजवाड्यात एकाला मारून रक्त काढल्याबद्दल सर एडमंड निव्हेट याला उजवा हात तोडण्याची शिक्षा झाली होती. ऐन वेळी त्याला माफी मिळाली. तो 'सर' होता. डंकला माफी कोण देणार? आणि आपल्या कथापरंपरेत तर हाताची ही किंमत आपण फार पूर्वी वाचलेली आहे. एकलव्याचा अंगठा कापला गेला तो त्याने कोणाला मारले म्हणून नव्हे, त्याने विद्या मिळवली म्हणून.

पुढे देवाच्या न्यायाच्या नावाने द्वंद्व ठरते, सात विरुद्ध सात. ज्याच्या बाजूने सहाजण उभे राहणार नाहीत, तो हरला. म्हणजे पुन्हा तोच रकाना, आता सहा सह्यांचा. न्यायासाठी लढाई ही पद्धत इंग्लंडच्या कायद्यात १८१९ पर्यंत शिल्लक होती. १८१७ साली खुनाचा आरोप असलेल्या अब्राहम थॉर्न्टनने न्यायालयात हातमोजा टाकून लढाईचा हक्क मागितला. मेलेल्या मुलीचा भाऊ त्याच्या मानाने किरकोळ अंगाचा. त्याने आव्हान घेतले नाही आणि १८१८ साली आरोपी सुटला. पुढल्या वर्षी कायदा रद्द झाला. त्या भावाचे आडनाव अ‍ॅशफर्ड होते. मार्टिन यांच्या मेळ्याचे नावही अ‍ॅशफर्ड. हा योगायोग असेल, पण अशा न्यायात देवाचा कौल नेहमी मजबूत मनगटाकडे का जातो, हे समजायला तो पुरेसा आहे.

सातवा माणूस मिळत नाही. डंक जमलेल्या सरदारांना विचारतो की तुमच्यात एकही खरा शिलेदार नाही काय. तेव्हा जो पुढे येतो तो युवराज बेलर, आरोप करणाऱ्या राजपुत्राचा सख्खा चुलता. तो स्वतःच्या भावाविरुद्ध उभा राहतो. राजरक्षक आपल्यावर शस्त्र चालवू शकत नाहीत हे त्याला माहीत आहे. म्हणजे जन्माने मिळालेले संरक्षण तो प्रथमच दुसऱ्यासाठी ढालीसारखे वापरतो. एरियन शरण येतो, आरोप मागे घेतो, डंक वाचतो. पण भावाच्या गदेचा घाव लागून बेलर मरतो.

पुष्कळ प्रेक्षकांना हा शेवट उदात्त वाटला. मलाही क्षणभर वाटला. नंतर प्रश्न पडला की कथेला तळाचा माणूस वाचवायला युवराजच का लागला? माळावर हजारो साधी माणसे होती. याच मेळ्यात एरियनने प्रतिस्पर्ध्याचा घोडा भाल्याने मारला तेव्हा ती खवळून पुढे सरसावली होती. डंकसाठी चिलखत घडवणारा पेट नावाचा लोहार त्याच्या पाठीशी आहे. ही माणसे डंकला आपला मानतात, त्याच्यासाठी प्रार्थना करतात. पण लढण्याच्या वेळी ती कुंपणाबाहेर उभी राहतात, कारण सातांच्या यादीत नाव घालण्याचा त्यांना अधिकार नाही. मालिकेने ही माणसे पाहिली, प्रेमाने पाहिली, आणि पाहून तेथेच ठेवली. टॅन्सेलचे तर त्याहून वाईट झाले. जिच्या बोटावरून सारे पेटले, ती मेळ्यातून निघून जाते आणि कथेतून जवळजवळ नाहीशी होते. डंकच्या हाताचा न्याय झाला. तिच्या बोटाचा कोणी विचारसुद्धा केला नाही. तिने पुन्हा बाहुली धरली का, हे सांगणारा सातवा भाग कोणी काढणार नाही.

तरीही मार्टिन यांना एक श्रेय दिलेच पाहिजे. आपल्या आणि त्यांच्याही परंपरेत गुणी पण हीन मानलेल्या माणसाचा गुण शेवटी रक्ताने समजावून दिला जातो. रंगभूमीवर कृपाचार्य कर्णाला कुळ विचारतात, दुर्योधन त्याला अंगदेश देतो. पण कर्ण मुळात कुंतीचा पुत्र, म्हणजे क्षत्रियच निघतो. सूताच्या पोराला असे धनुष्य कसे साधले, या प्रश्नाचे उत्तर व्यवस्थेला सोयीचे मिळते. 'गेम ऑफ थ्रोन्स'मध्येही अनौरस म्हणून वाढलेला जॉन स्नो अखेर राजवंशाचाच ठरतो. या मालिकेत मात्र गुपित उलटे आहे. तबेल्यातला पोऱ्या वाटलेला एग हा राजपुत्र एगॉन, त्याच एरियनचा धाकटा भाऊ. आणि नायक मात्र शेवटपर्यंत फ्ली बॉटमचाच राहतो. त्याच्या पाळण्यात कोणाची मुद्रिका सापडत नाही. सद्‌गुणाला कुळाचा आधार लागत नाही, ही गोष्ट त्या जगात सांगणे लहान नाही. तळाच्या वस्तीतून आलेला माणूस राजपुत्राला घोडा कसा धुवायचा, खारवलेल्या मांसावर दिवस कसा काढायचा, उघड्यावर कसे निजायचे हे शिकवतो, कानशिलात देण्याची धमकी देतो, आणि राजपुत्र त्याला गुरू मानतो. मालिकेतला सर्वांत जिवंत भाग या दोघांच्या बोलण्याचा आहे. डेक्स्टर सोल अ‍ॅन्सेल या मुलाने एगचे काम फार समजुतीने केले आहे.

हसण्याविषयी मात्र एक तक्रार नोंदवतो. पहिल्याच भागात डंक मनाशी मोठे बेत रचतो, थोरल्या मालिकेचे ते प्रसिद्ध भव्य संगीत सुरू होते, आणि एकदम ते तोडून पडद्यावर झाडाआड शौचाला बसलेला डंक दिसतो. प्रेक्षक हसतो. थोरवीची हवा काढण्याची ही युक्ती आहे हे मला कळते, आणि सरदारी वाङ्मयाची हवा निघाली याचे मला दुःख नाही. पण उघड्यावर बसावे लागणे हा ज्यांच्या आयाबहिणींच्या रोजच्या जगण्यातला अपमान होता, त्यांना या ठिकाणी तितके मोकळे हसू येत नाही. ज्याच्या पोटाखाली गादी आहे त्याला देहाचा विनोद सुचतो. डंकच्या भुकेचा, त्याच्या आखूड कपड्यांचा, त्याच्या मोठ्या धांदरट अंगाचा विनोद मालिका वारंवार करते. त्यातला काही प्रेमाचा आहे, काही वरून खाली पाहणारा. हलकेफुलकेपणाची ही किंमत आहे आणि ती नेहमीप्रमाणे खालच्याने दिली आहे.

शेवटचा मुद्दा बेलरच्या मरणाचा. मूळ कथेत डंक स्वतःलाच विचारतो की एका युवराजाच्या जिवापेक्षा माझा हात-पाय मोलाचा होता काय. सारे राज्य त्याला हेच विचारत आहे. कथेत याचे उत्तर पुढे ढकललेले आहे. कधीतरी या पायाची गरज पडेल, अशी आशा. मार्टिन यांच्या पुढच्या लेखनातून आपल्याला माहीत आहे की एग पुढे राजा होतो. डंकबरोबर रस्त्यावर काढलेल्या दिवसांमुळे सामान्य रयतेला हक्क देणारे कायदे तो करू पाहतो, सरदार त्याला पदोपदी अडवतात, आणि तो एका आगीत मरतो. काही वर्षांतच टायविन लॅनिस्टर हा मंत्री ते कायदे मोडीत काढतो. मार्टिन यांनी हे लिहून ठेवले, याचा अर्थ त्यांना स्वतःलाही आपल्या चांगल्या युवराजांची मर्यादा कळलेली आहे. एका राजाच्या चांगुलपणाने आलेला हक्क त्या राजाबरोबर जळतो. जो हक्क रयतेने स्वतः मिळवला आणि कायद्यात स्वतः लिहिला, तो काढून घ्यायला निदान भांडावे तरी लागते.

म्हणून माझ्या दृष्टीने डंकच्या पायाची किंमत युवराजाच्या मरणाने वाढत नाही आणि कमीही होत नाही. तो पाय त्याचा होता, एवढे पुरे होते. हे साधे वाक्य ही मालिका उच्चारू शकली नाही. पण ते आपल्या ओठांवर यावे इतक्या जवळ तिने आपल्याला आणून सोडले.

दुसऱ्या पर्वाची घोषणा झालेली आहे. ते २००३ सालच्या 'द स्वॉर्न स्वोर्ड' या कथेवर असेल. दुष्काळात एका जमीनदारणीने बांध घालून ओढा अडवला आहे आणि खालच्या अंगाची शेते वाळत आहेत, अशी ती कथा आहे. पाणी कोणाचे, हे विचारणाऱ्या कथेकडे मराठी वाचक उदासीन राहू शकणार नाही. तेथे तरी डंकच्या बाजूची साधी माणसे कुंपणाच्या आत येतात का, हे मी पाहणार आहे.

मालिका संपली त्या रात्री मुलीने विचारले, "बाबा, त्याला खरंच शिलेदारी मिळाली होती का?" मी म्हटले, रॉबिनला विचार. ती हसली. मला मात्र त्या काटेरी झाडावरच्या पाखरापेक्षा वाड्याच्या अंगणातून निघालेला बाप दिसत होता. हातात कोरा कागद, चेहऱ्यावर काही नाही, आणि पाय पुढच्या वाटेला लागलेले. त्याने खणलेली विहीर अजून आहे. तिच्यावर कोणाची सही नाही.